येतो, येवो

मंगळवारी औषधांचं काउंटर पोरींवर सोपवून
मी याकिमाच्या कॉलेजात जाते, खोली एकशे बारा,
जिथलं घड्याळ दहा मिनिटं मागे असतं
आणि खिडकीतून पॅकिंग हाउसच्या आवारातले
सफरचंदांच्या पेट्यांचे मनोरे दिसतात, पिवळ्या दिव्याखाली.

आकडे झाले, वार झाले,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर, गाडी चालवू नका,
एवढं स्पॅनिश मला येतं.
एउलालियाबाई म्हणाल्या, आजवर तुम्ही जे आहे ते बोललात.
आजपासून जे नाही ते.

बत्तीस वर्षं आगी विझवलेला ड्वेन म्हणाला,
नाही ते बोलायचं कशाला?

मला मिरजेच्या शाळेतले कुलथे गुरुजी आठवले,
क्रियापदाचे चार अर्थ, फळ्यावर एकाखाली एक:
स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ.
घडलं ते नुसतं सांगितलं की स्वार्थ.
मागच्या बाकावर आम्ही हसायचो,
कारण स्वार्थ म्हणजे दुसऱ्याचा डबा खाणं, एवढंच ठाऊक होतं.

बाईंचा नियम सोपा: शेवटचा स्वर फिरवा.
आ असेल तिथे ए, ए असेल तिथे आ.
बुएल्वे, तो परततो.
बुएल्वा, परतो बापडा.

कळला तो वर्गात नाहीच.
गुरुवारी इलारियो सेंदेहास खिडकीशी आले,
बोटांना हॉप्सचा कडवट वास,
औषधं दोन: स्वतःची रक्तदाबाची गोळी,
आणि मुलाचा दम्याचा पंप.
निकांद्रो फेब्रुवारीत टॅकोमाला गेला,
कागदांच्या कामाला, एका दिवसासाठी.
हा सातवा पंप. संगणक लाल झाला,
आधीचे सहा कुणी वापरले, म्हणून.
मी काही विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले,
क्वांदो बुएल्वा.
परतेल तेव्हा.
बुएल्वे म्हणाले नाहीत. शेवटी आ,
आणि तो आ झाल्यावरही तोंड उघडंच राहिलं जरा,
दम लागल्यासारखं.
इन्शुरन्सने नाकारलेले पैसे त्यांनी रोख मोजले,
एकेक नोट काउंटरवर सरळ करत.

घरी जाताना सिग्नलला मराठीत करून पाहिलं.
येतो, येवो.
होतो, होवो.
त काढला, व बसवला, झालं.
हे आपल्याकडे होतंच की,
आशीर्वादात, शिव्याशापांत, पत्राच्या शेवटच्या ओळीत;
पत्रं बंद झाली तसं जिभेवरून उतरलं.

हेरंब, माझा धाकटा भाऊ,
छापखान्याच्या वाटणीच्या दिवशी, सह्या झाल्यावर,
चपला शोधता शोधता म्हणाला, येतो.
आपल्यात जाणारा कधी जातो म्हणत नाही.
वर्तमानकाळ, प्रथम पुरुष, एकवचन, स्वार्थ.
चौदा वर्षं झाली त्याला.
ते कागद मी आदल्या आठवड्यातच
वकिलाकडून माझ्या बाजूने वाचून घेतले होते.
गुरुजी, आता मागच्या बाकावर कुणी हसत नाही.

गृहपाठ होता, ओहाला लावून दहा वाक्यं.
बाई म्हणतात, हा शब्द अरबांकडून आला,
त्याच्या पोटात देव आहे,
पण बोलणाऱ्याला आता दिसत नाही.
लिहिली:
पेट्या भरेपर्यंत गारा न पडोत.
ड्वेनच्या गुडघ्याला आराम पडो.
पंपाची तारीख संपण्याआधी त्याचा मालक येवो.
आठवं लिहिलं, हेरंब मिरजेला परतो.

वाचताना बाईंच्या तोंडी मिरजेचं मिराह झालं.
कोण असतं तिथे तुझं, त्यांनी विचारलं.
म्हटलं, आता कुणी नाही. मीही नाही.
त्यांनी मान हलवली, लाल पेन उघडलं
आणि आठव्या वाक्यातला फक्त एक स्वर खोडला.

मी घाईत लिहून गेले होते, परततो.